मोरांब्यातला आंबा : उसन्या शब्दाच्या दोन गती

१

मराठीतील परभाषीय शब्दांची चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरत आली आहे. शब्द कुठून आला, हा पहिला प्रश्न. तो ठेवावा की टाकावा, हा दुसरा. शिवकाळातील ‘राजव्यवहारकोशा’ने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तेव्हा त्यामागे राज्यव्यवहाराची निकड होती. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली, तेव्हा त्या प्रश्नाला राष्ट्रीय अस्मितेचे परिमाण लाभले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, आणि प्राचीनतेच्या अभिमानासोबत ‘आपले’ आणि ‘परके’ यांची मोजदाद पुन्हा सुरू झाली. मात्र या दोन प्रश्नांच्या मधला एक तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शब्द आल्यानंतर भाषेने त्याचे काय केले?

हा प्रश्न पारिभाषिक शब्दांच्या पातळीवर विचारला की चर्चा लगेच पक्षाभिनिवेशाकडे झुकते. म्हणून तो आधी स्वयंपाकघरातील एका शब्दाच्या आधारे विचारणे सोयीचे ठरते. साखरेच्या पाकात फळ मुरवून टिकवण्याची कृती बहुतेक संस्कृतींत आढळते, आणि त्या पदार्थांची नावे भाषेच्या सीमा सहज ओलांडतात. अशी दोन नावे येथे शेजारी ठेवायची आहेत. एक फ्रेंच आहे, ‘मारों ग्लासे’. दुसरे मराठी आहे, ‘मोरांबा’. पहिले नाव जगभर फिरूनही बहुतेक ठिकाणी फ्रेंचच राहिले. दुसरे मुळात अरबी असूनही त्याचे परकेपण आज कोणालाही जाणवत नाही.

२

‘मारों’ म्हणजे चेस्टनटचे मोठे, अखंड गराचे फळ. ‘ग्लासे’ या विशेषणात बर्फ, आरसा आणि चकाकी या तिन्ही अर्थांच्या छटा आहेत. सोललेली फळे पाकात हळूहळू मुरवून त्यांवर साखरेचा पातळ, पारदर्शक थर चढवला की हा पदार्थ सिद्ध होतो. १८८२ साली फ्रान्समधील आर्देश प्रांतातील प्रिवा येथे क्लेमाँ फोजिए यांनी त्याचे कारखानी उत्पादन सुरू केले आणि घरगुती वा दरबारी मिठाईला बाजारपेठेचे रूप आले.

या नावाच्या प्रवासात तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार जसेच्या तसे ठेवण्याचा. इंग्रजीने हे नाव स्वराघातचिन्हासकट घेतले. इटालियन भाषेने तर पिएमाँतमधील कुनेओ परिसर या पदार्थाच्या जन्मावर हक्क सांगत असतानाही फ्रेंच नावच चालू ठेवले. जपानीने ते आपल्या काताकाना लिपीत उतरवले. मात्र ही लिपी प्रामुख्याने परकीय शब्दांसाठीच वापरली जात असल्याने तेथे लिप्यंतरानेच शब्दाचे परकेपण अधोरेखित होते. चेस्टनटसाठी ‘कुरि’ हा जपानी शब्द हाताशी आहे, तरी मिठाईच्या दुकानात ‘मारोन’ हा फ्रेंच शब्द वेगळी प्रतिष्ठा मिरवतो. दुसरा प्रकार स्वतःचे नाव वापरण्याचा. तुर्कस्तानातील बुर्सा शहर अशाच मिठाईसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथे तिला ‘केस्ताने शेकेरी’, म्हणजे चेस्टनटची साखरमिठाई, असे सरळ नाव आहे. तिसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. ब्राझीलमध्ये ‘मारोम ग्लासे’ या नावाने मिळणारी लोकप्रिय मिठाई रताळ्याची असते. तेथील पोर्तुगीज भाषेत ‘मारोम’ म्हणजे तपकिरी रंग. त्यामुळे नावातले फळ नाहीसे झाले आणि रंग तेवढा उरला.

पहिल्या प्रकारात शब्द टिकतो तो वस्तूच्या गरजेमुळे नव्हे. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये मद्य आणि मांसाच्या तुकड्यासारख्या नित्याच्या खाद्यपेयांमागील सांस्कृतिक चिन्हव्यवहार उलगडून दाखवला. त्याच दृष्टीने पाहिले तर ‘मारों ग्लासे’ हे नाव पदार्थाबरोबरच फ्रेंचपणाचेही चिन्ह होते. ते भाषांतरित केले तर पदार्थ तोच राहील, पण चिन्ह हरवेल. म्हणून त्या शब्दावरही साखरेसारखाच एक थर चढवलेला असतो. तो चकाकतो, बाहेरचा स्पर्श आत जाऊ देत नाही, आणि त्यामुळेच वर्षानुवर्षे तसाच राहतो.

मराठीत चेस्टनट हे फळ स्वयंपाकघरात आलेच नाही. तरीही ‘मारों’ हा शब्द मात्र आला, तोही लक्षात न येईल अशा वाटेने. फ्रेंचमध्ये याच शब्दाचा तपकिरी रंग हाही अर्थ आहे. इंग्रजीने त्यापासून ‘मरून’ हे गडद तांबूस रंगाचे नाव केले आणि इंग्रजीतून ते मराठीत रूढ झाले. उल्हासनगरच्या कापडबाजारात ‘मरून रंगाची साडी’ मागणाऱ्या स्त्रीच्या बोलण्यात एका फ्रेंच फळाचे नाव असते आणि ते कोणाला ठाऊक असण्याची गरजही नसते. उलट फ्रेंच भाषेने मूळच्या बाल्कन प्रदेशातील एका झाडाला ‘भारतीय चेस्टनट’ असे नाव देऊन ठेवले आहे. नावे आणि वस्तू एकत्रच प्रवास करतात, हा समज या दोन्ही उदाहरणांनी खोटा ठरतो.

३

आता ‘मोरांबा’. या शब्दाचे मूळ अरबी ‘मुरब्बा’ हे होय. वाढवणे, पोसणे, जोपासणे या अर्थाच्या क्रियापदाचे ते कर्मणी रूप आहे. पोसलेले, म्हणून पाकात जोपासलेले फळ. फारसीमार्फत तो शब्द भारतीय भाषांत पसरला. हिंदी-उर्दूत तो ‘मुरब्बा’, गुजरातीत ‘मुरब्बो’, बंगालीत ‘मोरब्बा’ असा दिसतो. या सर्व भाषांत तो कोणत्याही फळाला लागू पडतो. मराठी रूपात मात्र शेवटी आंबा ऐकू येतो.

हे कसे घडले असावे, याची खूण मराठी लेखनात आढळणाऱ्या रूपांतच सापडते. मुरंबा, मोरंबा, मुरांबा, मोरांबा ही रूपे आजही कमीअधिक प्रमाणात वापरात आहेत. ‘ब्ब’ या द्वित्ताच्या जागी ‘ंब’ येणे हा ध्वनिबदल झाला; तेवढ्याने ‘मुरंबा’ हे रूप सिद्ध होते आणि त्यात अजून आंबा नाही. मधला अकार दीर्घ झाला की आंबा प्रकट होतो. हा दीर्घत्वाचा बदल मात्र केवळ ध्वनीचा राहत नाही. त्यामागे अर्थाचा आग्रह आहे. कोकणात आणि देशावर उन्हाळ्यात पाकात पडणारे फळ मुख्यतः कैरी वा आंबा हेच असल्याने, शब्दाच्या अपरिचित शेवटात परिचित फळ ऐकू येणे स्वाभाविक होते. शिवाय गुळांबा, साखरांबा, मेथांबा असे सामासिक शब्द शेजारी उभे होतेच. त्या रांगेत हा परका शब्द जाऊन बसला.

शब्दाच्या पूर्वार्धालाही असाच आधार मिळाला. मराठीत ‘मुरणे’ हे क्रियापद लोणच्याला, दह्याला, जमिनीत जिरणाऱ्या पाण्याला आणि अनुभवी माणसालाही लागू पडते. ‘मुरलेला आंबा तो मुरांबा’ ही फोड त्यामुळे कोणालाही सहज पटते. ‘मुरणे’ आणि ‘आंबा’ यांपासून हा शब्द स्वतंत्रपणे मराठीतच तयार झाला असेल, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु शेजारच्या भाषांत त्याच अर्थाचा, जवळजवळ त्याच उच्चाराचा आणि आंब्याशी संबंध नसलेला शब्द असताना हा योगायोग मानणे कठीण आहे. ‘मोरांबा’ या रूपातील ओकारही ‘मुरणे’पासून साधत नाही, बंगाली ‘मोरब्बा’त मात्र तो आहेच.

त्याच अरबी धातूचे कर्तरी रूप म्हणजे ‘मुरब्बी’, अर्थात पोसणारा, पालनकर्ता, आश्रयदाता. हा शब्दही मराठीत आला. त्याला आंब्याचा मोह पडला नाही, त्याचे ‘ब्ब’ शाबूत राहिले. पण त्याचा अर्थ सरकला. आज ‘मुरब्बी राजकारणी’ म्हटले की आश्रयदाता कोणाच्या मनात येत नाही. त्या क्षेत्रात मुरलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. पोसलेला आणि पोसणारा ही एकाच धातूची दोन भावंडे. एकाचा ध्वनी मराठीने आपल्याकडे ओढला, दुसऱ्याचा अर्थ. दोन्ही वेळी ओढणारे क्रियापद ‘मुरणे’ हेच असावे, असे दिसते.

ज्या साखरेत हे फळ पडते तिच्या नावाचाही प्रवास याच मार्गावरचा, पण उलट दिशेचा आहे. संस्कृत ‘खण्ड’ फारसीत ‘कंद’ झाला, अरबीतून फ्रेंच-इंग्रजीत ‘कँडी’ झाला आणि मराठी मुलांच्या तोंडी पुन्हा परतला. संस्कृत ‘शर्करा’ अरबीत ‘सुक्कर’ झाली. पश्चिमेकडे साखरेचे नाव गेले आणि पश्चिमेकडून मुरब्ब्याचे नाव आले. अशा देवघेवीत ‘मूळ’ कोठे ठेवायचे, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

४

अपरिचित शब्दात परिचित घटक ऐकण्याच्या या प्रक्रियेला भाषाविज्ञानात लोकव्युत्पत्ती म्हणतात. जर्मन अभ्यासक अर्न्स्ट फोर्स्टेमान यांनी १८५२ मध्ये ही संज्ञा रूढ केली. मराठी मुलखात तिची उदाहरणे गावोगाव आढळतात. कल्याण-कर्जत लोहमार्गावरील बदलापूर हे घोडे बदलण्याचे ठाणे होते म्हणून त्याचे नाव बदलापूर, अशी उपपत्ती त्या परिसरात, शिरगावसारख्या त्याच्या पोटातल्या जुन्या गावासह, सर्रास सांगितली जाते. ती ऐतिहासिक कसोटीवर टिकते की नाही, हा वेगळा मुद्दा. महत्त्वाचे हे की नावाला अर्थ हवा असतो आणि तो नसेल तर बोलणारे तो पुरवतात. गंमत अशी की येथे पुरवलेला ‘बदल’ हा शब्दही मूळचा अरबीच आहे; परंतु स्पष्टीकरण देणाऱ्याला तो पूर्णपणे आपला वाटतो, म्हणूनच तो स्पष्टीकरणाच्या कामी येतो.

फर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात लोकव्युत्पत्ती आणि सादृश्य यांत एक सूक्ष्म भेद केला आहे. लोकव्युत्पत्तीत जुन्या रूपाची अंधुक का होईना आठवण असते आणि त्या रूपाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न असतो. सादृश्यात जुने रूप विसरले जाते आणि भाषेतील चालू नमुन्यावरून नवे रूप घडवले जाते. पहिली प्रक्रिया व्याख्येची, दुसरी निर्मितीची. हा भेद मराठीत एकाच शब्दाच्या कुळात क्रमाने घडलेला पाहता येतो, आणि ‘मोरांबा’ या उदाहरणाचे खरे मोल येथेच आहे.

‘मुरब्बा’चा ‘मोरांबा’ झाला ही लोकव्युत्पत्ती. पण मराठी तेथे थांबली नाही. पाकात मुरवलेल्या आवळ्याला हिंदीत ‘आँवले का मुरब्बा’ म्हणतात. मराठीत त्याला ‘मोरावळा’ म्हणतात. हा शब्द अरबीत नाही, फारसीत नाही, असणे शक्यही नाही. तो घडण्यासाठी ‘मोरांबा’ची ‘मोर’ आणि ‘आंबा’ अशी फोड बोलणाऱ्यांच्या मनात आधी पक्की व्हावी लागली. मग आंबा काढून त्या जागी आवळा ठेवता आला. अरबी धातूचा एक तुटलेला तुकडा मराठीत ‘पाकात मुरवलेले’ या अर्थाचे पूर्वपद झाला. चुकीच्या फोडीतून नियमाप्रमाणे घडलेला हा बिनचूक शब्द होय.

आंबा ऐकू येतो, म्हणून तो नेहमी असलाच पाहिजे, असेही मराठीने ठेवले नाही. सफरचंदाचा मोरांबा, अननसाचा मोरांबा हे प्रयोग कोणाला खटकत नाहीत. म्हणजे एका बाजूला ‘मोरावळा’ शब्दात आंब्याची जागा ओळखली जाते, तर दुसऱ्या बाजूला ‘अननसाचा मोरांबा’ या प्रयोगात तीच जागा विसरली जाते. ब्राझीलच्या ‘मारोम ग्लासे’तून चेस्टनट गळाले, तसा येथे आंबा गळाला. मात्र दोहोंत फरक आहे. ब्राझीलमध्ये नाव दुसऱ्या वस्तूकडे सरकले, एवढेच. मराठीत शब्दाच्या तुकड्याने नवा शब्द घडवला. २०१७ च्या ‘मुरांबा’ या मराठी चित्रपटाच्या शीर्षकात तर फळ मुळीच अभिप्रेत नाही. नाते मुरण्याची सूचना तेवढी आहे. तो अर्थ अरबी मुळात नाही, तो मराठी क्रियापदाने दिला आहे.

तत्सम, तद्भव आणि देश्य या पारंपरिक वर्गीकरणात अशा शब्दाला जागा नाही. ‘परभाषीय’ हा चौथा वर्ग जोडूनही अडचण सुटत नाही, कारण ‘मोरावळा’चा अर्धा भाग अरबीतून आला आहे आणि अर्धा संस्कृत ‘आमलक’पासून प्राकृतमार्गे आलेला आहे, सांधा तेवढा केवळ मराठी आहे. वर्गीकरण शब्दाचा जन्म पाहते, त्याचे कर्तृत्व पाहत नाही. भाषाशुद्धीच्या विचारातही हीच मर्यादा होती. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन, हे फारसीचे व्यासंगी प्राध्यापक; त्यांचा ‘फारशी-मराठी कोश’ १९२५ चा, ‘गज्जलांजलि’ १९३३ चा आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ चा. ज्याने मूळ शब्द इतक्या जवळून ओळखले त्यालाच ते वेचून काढण्याची गरज वाटावी, यातील ताण लक्षणीय आहे. मूळ जितके स्पष्ट दिसते तितके मुरणे दिसेनासे होते.

त्यांच्याच ‘गज्जल’ या रूपावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ध्वनीच्या दृष्टीने ‘गज्जल’ हे रूप ‘गझल’पेक्षा अधिक मराठी वळणाचे आहे. तरीही टिकले ते ‘गझल’. या काव्यप्रकाराला मराठीपण आले ते शब्दाचा उच्चार बदलून नव्हे. सुरेश भट आणि त्यांच्या नंतरच्या कवींनी मराठी वृत्तांत, मराठी बोलीच्या वळणात तो राबवला, त्यातून ते आले. शब्दाला देशी पोशाख चढवणे आणि शब्द मुरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५

आता हा विवेक मराठी समीक्षेच्या परिभाषेकडे वळवता येईल. गेल्या अर्धशतकात मराठी समीक्षेने पाश्चात्त्य साहित्यसिद्धान्तांतून मोठ्या प्रमाणावर संज्ञा घेतल्या. काही लिप्यंतराने आल्या, काही संस्कृत पर्यायांनी. ‘स्ट्रक्चरॅलिझम’ लिहावे की ‘संरचनावाद’, यावर पुष्कळ वाद झाले. या वादात पर्यायी शब्द आपोआप देशी मानला गेला. पण ‘मोरांबा’ची कसोटी लावली तर दोन्ही पक्ष एकाच जागी उभे दिसतात. लिप्यंतरित संज्ञेवर चकाकीचा थर फ्रेंच-इंग्रजीचा असतो, संस्कृत संज्ञेवर तो संस्कृतचा असतो. थराखाली संकल्पना तशीच, न मुरलेली राहू शकते. १९६२ च्या शासकीय ‘पदनाम कोशा’तील कित्येक शब्दांची थट्टा झाली ती ते परके होते म्हणून नव्हे, ते सर्व नियमांनी शुद्ध होते आणि तरीही तोंडात बसत नव्हते.

‘विरचना’ ही संज्ञा या दृष्टीने विशेष बोलकी आहे. जाक देरिदा यांच्या विचारपद्धतीसाठी ती मराठीत रूढ झाली. ‘वि’ या उपसर्गात मोडण्याचा, उलगडण्याचा अर्थ ऐकला गेला. परंतु संस्कृतात ‘विरचन’ म्हणजे मांडणी, रचना; ‘शंकराचार्यविरचित’ म्हणजे शंकराचार्यांनी रचलेले. म्हणजे येथे विद्वानांनीच एका संस्कृत शब्दाची लोकव्युत्पत्ती केली. हा दोष मानण्याचे कारण नाही. उलट, फ्रेंच संज्ञेतही मोडणे आणि मांडणे या दोन्ही क्रिया गुंतलेल्या असल्याने, जुना आणि नवा अर्थ एकमेकांसमोर ठेवणारी ‘विरचना’ मराठीत स्वतंत्र विचाराला वाट करून देऊ शकते. तशी वाट अद्याप फारशी काढली गेली नाही. विद्यार्थी ‘विरचना’ हा शब्द लिहितो आणि कंसातल्या इंग्रजी शब्दाकडे पाहून त्याचा अर्थ समजून घेतो. मराठी शब्द त्या इंग्रजी शब्दाचे आवरण तेवढा राहतो.

याउलट ‘कादंबरी’ पाहावी. बाणभट्टाच्या एका ग्रंथाचे, त्यातील नायिकेचे नाव मराठीत एका आधुनिक, पश्चिमेकडून आलेल्या साहित्यप्रकाराचे नाव झाले. शास्त्रशुद्ध परिभाषेच्या कसोटीवर हे विशेषनामाचे बेजबाबदार सामान्यीकरणच ठरेल. पण त्यातून ‘कादंबरीकार’, ‘लघुकादंबरी’, ‘कादंबरीमय’ असे शब्द विनासायास घडत गेले. त्याहून सूक्ष्म उदाहरण ‘ललितगद्य’ या संज्ञेचे आहे. इंग्रजी वैयक्तिक निबंधाच्या प्रेरणेने मराठीत लघुनिबंध आला; ना. सी. फडके यांनी आपल्या लेखनाला ‘गुजगोष्टी’ असे घरगुती नाव दिले. लघुनिबंधाची चौकट अपुरी पडू लागली तेव्हा ‘ललितनिबंध’ आणि पुढे ‘ललितगद्य’ या संज्ञा पुढे आल्या. ‘ललितगद्य’ या नावाखाली मराठी वाचक जे आठवणपर, प्रवासपर, चिंतनपर लेखन एकत्र पाहतो त्याला इंग्रजीत एकच नेमका प्रतिशब्द नाही. उसन्या प्रकारापासून सुरू झालेल्या परंपरेने स्वतःच्या गरजेपोटी नवी कोटी घडवली. समीक्षेच्या क्षेत्रातील हा मोरावळा होय.

भालचंद्र नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’मधून आणि इतरत्र मांडलेल्या देशीवादाने मराठी समीक्षेला तिच्या उसनवारीची तीव्र जाणीव करून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण ‘देशी’ हे विशेषण जन्मस्थानाचे वाचक मानले तर त्या भूमिकेचे सामर्थ्य कमी होते. ‘देशीवाद’ या संज्ञेतील ‘वाद’ हा घटकही, इंग्रजी प्रत्ययाचे काम करता करता, संस्कृतातील चर्चा या अर्थापासून सरकून आजच्या अर्थाला पोहोचला आहे. आणि आता तो मराठीत कोणत्याही शब्दाला लागून नवी संज्ञा घडवू शकतो. देशीयता म्हणजे मूळ नव्हे, तर अशी घडवण्याची क्षमता, असे मानले तर देशीवाद आणि उसनवारी यांतील विरोध पुष्कळसा मावळतो.

या विवेचनाची व्यावहारिक निष्पत्ती साधी आहे. एखादी संज्ञा मराठीत मुरली की नाही हे ठरवताना तिचे कूळ किंवा तिचा पोशाख पाहणे पुरेसे नाही. तिच्यापासून मूळ भाषेत नसलेली दुसरी संज्ञा मराठीने घडवली आहे काय, आणि ती संज्ञा मूळ सिद्धान्ताला ठाऊक नसलेल्या एखाद्या मराठी वाङ्मयीन वस्तूला लागू पडते काय, हे पाहावे लागेल. या कसोटीवर आजच्या अनेक प्रचलित संज्ञा उतरणार नाहीत. तेवढ्यावरून त्या टाकून देणे हा उपाय नव्हे. ‘मुरब्बा’ आला त्या दिवशीच ‘मोरावळा’ घडला नव्हता. मधल्या काळात असंख्य बोलणाऱ्यांनी तो शब्द हाताळला, चुकीचा ऐकला, चुकीचा फोडला आणि आपल्या फळांना लावून पाहिला. पारिभाषिक संज्ञांची अशी हाताळणी विद्यापीठीय शिस्तीत अपराध मानली जाते. मूळ ग्रंथातील अर्थापासून ढळणारा विद्यार्थी गुण गमावतो. मूळ अर्थाचे ज्ञान आवश्यक आहेच. परंतु त्यापुढे जाऊन ती संज्ञा ओवी, लावणी, दलित आत्मकथन वा ललितगद्य यांना लावताना ती जेथे अडते, वाकते किंवा तुटते, त्या जागा नोंदवणे हे मराठी समीक्षेचे खरे काम आहे. तुटलेल्या तुकड्यांतूनच पुढचे शब्द घडतात.